गर्भाशयदाह आणि गाई-म्हशींचे माजचक्र

पशुवैद्यकीय दवाखान्यात येणाऱ्या दुभत्या जनावरांच्या तक्रारींपैकी तीन तक्रारी पुनःपुन्हा ऐकू येतात. पहिली, "गाय व्याली, दूधही देऊ लागली, पण माजावर येत नाही." दुसरी, "माजावर येते, रेतन करून घेतो, पण दर खेपेस उलटते." तिसरी तक्रार करणारा पशुपालक बहुधा खिन्न असतो. जनावर गाभण आहे असे समजून त्याने सात-आठ महिने वाट पाहिलेली असते आणि तपासणीअंती ते रिकामे निघालेले असते. या तिन्ही तक्रारी वरवर पाहता भिन्न वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या मुळाशी पुष्कळदा एकच विकार असतो, तो म्हणजे गर्भाशयाचा दाह. एकाच विकारामुळे कधी माज लांबतो, कधी तो अकाली येतो, तर कधी तो वेळेवर येऊनही गर्भ राहत नाही, हे कसे घडते याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचाराला व्यावहारिक महत्त्व आहे. गाय साधारणपणे बारा-तेरा महिन्यांनी आणि म्हैस चौदा-पंधरा महिन्यांनी एकदा व्यावी, अशी अपेक्षा असते. गाईचा गर्भकाल सुमारे २८० ते २८५ दिवसांचा, म्हशीचा सुमारे ३०५ ते ३१० दिवसांचा. म्हणजे गाय व्याल्यानंतर पुन्हा गाभण राहण्यासाठी पशुपालकाच्या हाती तीन महिन्यांहून फार अधिक काळ उरत नाही. त्यातील पहिले दीड-दोन महिने गर्भाशय पूर्वस्थितीस येण्यात जातात. त्यानंतर एक माज चुकला की २१ दिवस गेले, तीन माज चुकले की ६३ दिवस गेले. ज्याच्या गोठ्यात वीस गुरे आहेत त्याला हा तोटा एकवेळ सोसवतो. ज्याच्या दावणीला एकच म्हैस आहे आणि दुग्ध संस्थेत घातलेल्या दुधाच्या पैशांवर ज्याच्या मुलांची शाळा चालते, त्याच्या घरी मात्र जनावर भाकड राहिले की उंबरठ्याच्या आतपर्यंत ओढ लागते.

निरोगी जनावराचे माजचक्र

गाईचे व म्हशीचे माजचक्र सरासरी २१ दिवसांचे असते. १८ ते २४ दिवस ही त्याची स्वाभाविक मर्यादा मानतात. माजाच्या वेळी बीजकोशावर एक पुटक पूर्ण वाढलेले असते व त्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक स्रवते. जनावराचे हंबरणे, दुसऱ्या जनावराला अंगावर चढू देणे, काचेसारखा स्वच्छ बळस टाकणे ही सर्व लक्षणे या संप्रेरकाचीच होत. गाईचा माज सामान्यतः बारा ते अठरा तास टिकतो आणि तो संपल्यानंतर दहा-बारा तासांनी स्त्रीबीज बाहेर पडते. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा नियम यावरूनच आला आहे.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर फुटलेल्या पुटकाच्या जागी एक नवी ग्रंथी तयार होते. तिला पीतपिंड असे म्हणतात. पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवते. ते गर्भाशयाला शांत ठेवते, गर्भाशयमुख घट्ट मिटवून घेते आणि पुढचा माज रोखून धरते. गर्भ राहिला असेल तर पीतपिंड टिकून राहतो. गर्भ राहिला नसेल तर सोळाव्या ते अठराव्या दिवसाच्या सुमारास तो विरघळू लागतो, त्याचे बंधन सुटते व जनावर पुन्हा माजावर येते. यावरून पीतपिंडाला 'आता तुझे काम संपले' असा निरोप कोण देते, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

त्याचे उत्तर मिळण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले. १९२३ साली लिओ लोब या शास्त्रज्ञाला असे आढळून आले की, गिनिपिगचे गर्भाशय काढून टाकल्यास त्याच्या बीजकोशावरील पीतपिंड नेहमीच्या वेळी विरघळत नाही, तो टिकून राहतो. पुढे १९५६ साली अमेरिकेतील विल्टबँक व कॅसिडा यांनी गाय व मेंढी यांच्या बाबतीतही तेच दाखवून दिले. म्हणजे हा निरोप गर्भाशयाकडून येतो, एवढे निश्चित झाले. तो कोणत्या द्रव्यामार्फत येतो, हे मात्र १९७२ साली मॅक्क्रॅकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीवर केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. ते द्रव्य म्हणजे प्रोस्टाग्लँडिन एफ-२ अल्फा. या द्रव्याच्या नावाची कथाही मोठी गंमतीची आहे. १९३० च्या दशकात स्वीडनच्या फॉन ऑयलर यांना ते नराच्या वीर्यात आढळले व ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावे अशा समजुतीने त्यांनी हे नाव दिले. ती समजूत पुढे मागे पडली, नाव मात्र चिकटून राहिले. प्रोस्टाग्लँडिनांवरील संशोधनासाठी १९८२ चे नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन व व्हेन या तिघांना देण्यात आले.

हे द्रव्य गर्भाशयाच्या आतील अस्तरात तयार होते. ते रक्तात मिसळून सर्व शरीरभर फिरले असते तर फुप्फुसांतून जाताना त्याचा मोठा भाग नष्ट झाला असता. निसर्गाने येथे एक आडवाट ठेवली आहे. गर्भाशयाकडून येणारी नीला आणि बीजकोशाकडे जाणारी वळणावळणाची रोहिणी या दोन्ही एकमेकींना अगदी बिलगून असतात. नीलेतील प्रोस्टाग्लँडिन तिच्या भित्तीतून झिरपून थेट रोहिणीत उतरते व शेजारच्या बीजकोशापर्यंत पोहोचते. शाळेत जीवशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांनी एक भेद लक्षात ठेवावा. ही व्यवस्था गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्यात आहे, मनुष्यात नाही. शस्त्रक्रियेने गर्भाशय काढलेल्या स्त्रीच्या बीजकोशांचे चक्र, ते बीजकोश शाबूत असतील तर, पुढेही चालू राहते. गाईत तसे होत नाही.

तात्पर्य, गाईच्या माजाचे घड्याळ बीजकोशात असले तरी त्याची किल्ली गर्भाशयाच्या अस्तरात आहे. दाहाने नेमके हे अस्तरच बिघडते.

व्याल्यानंतरचे गर्भाशय

वासरू बाहेर पडल्यानंतर लगेच गाईच्या गर्भाशयाचे वजन सुमारे नऊ किलो असते. महिनाभरात ते आकसून एक किलोच्या आत येते. गर्भावस्थेत वार ज्यांना चिकटलेली असते असे बटणासारखे शंभराच्या आसपास उंचवटे गर्भाशयात असतात. ते झडतात आणि त्या जागी नवे अस्तर येते. या काळात मायांगातून जो स्राव होतो तो प्रथम लालसर व तपकिरी, नंतर फिकट होत दोन-तीन आठवड्यांत थांबतो. त्याला घाण वास येत नसेल व जनावर खातेपिते असेल तर तो स्वाभाविक समजावा. असा स्राव पाहून घाबरून गर्भाशय धुवून घेण्याचा आग्रह धरणारे पशुपालक आढळतात, त्याची काही आवश्यकता नाही.

गर्भाशयात जंतू शिरणे हीदेखील या काळातील नित्याचीच गोष्ट आहे. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत शंभरपैकी ऐंशी-नव्वद गाईंच्या गर्भाशयात जंतू सापडतात. बहुतेकींच्या शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडतात आणि तीन-चार आठवड्यांत गर्भाशय स्वच्छ होते. काही गाईंत मात्र जंतू ठाण मांडून बसतात. त्यांत ई. कोलाय हे जंतू प्रथम येतात व अस्तराची नासाडी करून इतरांची वाट मोकळी करतात. मागाहून येणारा ट्रुएपेरेला पायोजेनिस हा पू उत्पन्न करणारा जंतू अधिक चिवट असतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत तो कोरिनेबॅक्टेरियम पायोजेनिस या नावाने आढळेल.

दाहाचे प्रकार पुढीलप्रमाणे ओळखावेत. व्याल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, बहुधा पहिल्या दहा दिवसांतच, पातळ, तांबूस-तपकिरी व अत्यंत दुर्गंधीयुक्त स्राव, १०३ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, दूध घटणे, चारा सोडणे अशी लक्षणे दिसल्यास तो संपूर्ण गर्भाशयाचा तीव्र दाह होय. यात जनावराच्या जिवालाही धोका असतो, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे. तीन आठवड्यांनंतरही मायांगातून पू अथवा पूमिश्रित बळस येत असेल, पण ताप नसेल आणि जनावर नेहमीप्रमाणे खात असेल, तर तो केवळ आतील अस्तराचा दाह होय. याहीपेक्षा फसवा प्रकार म्हणजे छुपा दाह. यात बळस डोळ्यांना स्वच्छ दिसतो व केवळ सूक्ष्मदर्शकाखाली अस्तरातील पांढऱ्या पेशींचे वाढलेले प्रमाण दिसते. शेवटचा प्रकार गर्भाशयात पू साठून राहण्याचा. त्याचा विचार पुढे येईल.

दाहामुळे चक्र कसे बिघडते

येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. गर्भाशयाच्या अस्तराला इजा झाली की माज लवकरही येऊ शकतो आणि उशिराही. १९७० च्या दशकात गाईंच्या गर्भाशयात आयोडीनचे दाहक द्रावण सोडून जे प्रयोग झाले त्यांत असे दिसून आले की, ते द्रावण चक्राच्या आरंभीच्या दिवसांत सोडल्यास चक्र आखूड होते आणि पंधराव्या दिवसाच्या सुमारास सोडल्यास ते लांबते. वर सांगितलेली किल्लीची गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे याचा उलगडा होतो. चक्राच्या आरंभी अस्तर चेतविले गेले की त्यातून अवेळी प्रोस्टाग्लँडिन बाहेर पडते, पीतपिंड कोवळा असतानाच विरघळतो आणि जनावर आठ-दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते. उलट, प्रोस्टाग्लँडिन स्रवण्याची वेळ जवळ आलेली असताना अस्तर जळून गेले असेल, तर निरोप देणाराच उरत नाही. पीतपिंड तसाच बसून राहतो व माज येत नाही. माजाची तारीख न विचारता ऊठसूट आयोडीनने गर्भाशय धुण्याची पद्धत हानिकारक का, हेही यावरून समजावे.

दुसरा परिणाम थेट बीजकोशावर होतो. २००२ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्या गाईंच्या गर्भाशयात व्याल्यानंतर जंतूंची संख्या फार होती, त्यांच्या बीजकोशावरील पहिले मोठे पुटक सावकाश वाढत होते व त्यातून इस्ट्रोजेनही कमी स्रवत होते. ई. कोलाय जंतूंच्या कवचातील विषारी द्रव्य पुटकातील पेशींना इस्ट्रोजेन तयार करू देत नाही, असे पुढील संशोधनातून दिसून आले. इस्ट्रोजेन कमी पडले की माजाची लक्षणे मंद होतात, स्त्रीबीज सुटण्यास उशीर होतो अथवा ते सुटतच नाही. ज्याला आपण मुका माज म्हणतो, तो अशा जनावरांत अधिक आढळतो. म्हशीत मुका माज मुळातच अधिक. त्यात उन्हाळ्याची भर पडली म्हणजे माज कळणे दुरापास्त होते. पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले की म्हशी माजावर येऊ लागतात. तोपर्यंत गर्भाशय दुरुस्त झालेले नसेल तर तो हंगामच हातचा जातो. चतुर्थीच्या सुमारास व्यालेल्या म्हशीकडे दिवाळीपूर्वी एकदा पशुवैद्याची नजर जाणे म्हणूनच हितावह असते.

तिसरा परिणाम असा की, चक्र बरोबर २१ दिवसांचे असते, माजही उत्तम असतो, पण गर्भ राहत नाही. छुप्या अथवा सौम्य दाहात हेच घडते. दाहयुक्त गर्भाशयात शुक्रजंतू मरतात. ते तगून बीज फळले तरी पाच-सहा दिवसांनी गर्भाशयात उतरणाऱ्या कोवळ्या गर्भाला तेथील वातावरण मानवत नाही. गर्भाने सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत 'मी आहे' ही खूण पटविली तरच गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडण्याचे थांबवते. त्यापूर्वीच तो गेला तर चक्र ठरल्या दिवशी पूर्ण होते, आणि पशुपालकाला केवळ गाय उलटली एवढेच कळते. अशा वेळी रेतन करणाऱ्याला वा वीर्यमात्रेला दोष देणे सोपे असते. तो प्रत्येक वेळी न्याय्य असतोच असे नाही.

चौथा प्रकार गर्भाशयात पू साठण्याचा, आणि पशुपालकाची सर्वांत मोठी फसवणूक तोच करतो. गर्भाशय अद्याप स्वच्छ झालेले नसताना जनावर एकदा माजावर येऊन गेले व पीतपिंड तयार झाला, तर प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयमुख मिटते आणि गर्भाशयाची प्रतिकारशक्तीही मंदावते. पू आत कोंडला जातो. बिघडलेले अस्तर पीतपिंड विरघळविणारा निरोप देत नाही, पीतपिंड टिकून राहतो, आणि तो टिकल्यामुळे पूही बाहेर पडत नाही. एक दुसऱ्याला धरून ठेवतो. ताप नाही, जनावर खातेपिते, अंगाने भरते, माज येत नाही. हे सारे गाभणपणाचेच चित्र! त्यातून अगोदर रेतन झालेले असेल तर शंका घेण्यास जागाच राहत नाही. कधीमधी बसल्या जागी थोडा पू सांडलेला दिसतो, पण तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. रेतनानंतर माज न दिसल्यास साठ ते नव्वद दिवसांच्या दरम्यान गर्भतपासणी करून घ्यावी, असे खाते वारंवार सांगते त्यामागे हे एक मोठे कारण आहे. माज नसताना, केवळ संशयावरून केलेले रेतनही असा विकार ओढवून घेते, कारण त्या दिवसांत नळीबरोबर आत गेलेल्या जंतूंना हुसकावण्याची शक्ती गर्भाशयात नसते.

कुत्रीमध्येही गर्भाशयात पू साठतो, तो माजानंतर साधारण महिना-दोन महिन्यांनी. परंतु तेथे रोगाची गती फार वेगवान असून तो प्राणघातक ठरतो. तहान फार वाढलेली व सुस्त पडलेली वयस्क कुत्री दिसल्यास विलंब करू नये.

नोंदवही वाचावयाची कशी

समजा, एक गाय १० जून रोजी व्याली. २४ जुलै रोजी ती माजावर आली, रेतन केले. १४ ऑगस्टला ती उलटली, पुन्हा रेतन केले. ४ सप्टेंबरला पुन्हा उलटली. प्रत्येक अंतर २१ दिवसांचे आहे. येथे बीजकोशांचे काम सुरळीत आहे, म्हणून संशय छुप्या दाहाचा अथवा रेतनाच्या वेळेचा घ्यावा व चौथे रेतन करण्यापूर्वी बळस तपासून घ्यावा. दुसरी गाय २४ जुलै व १४ ऑगस्टला माजावर आली आणि मग एकदम २५ ऑगस्टला, म्हणजे अकराव्याच दिवशी. येथे गर्भाशय चेतल्याचा संशय येतो. मात्र व्याल्यानंतरचे पहिले चक्र निरोगी गाईतही पुष्कळदा आठ-बारा दिवसांचेच असते, त्यावरून घाबरू नये. तिसरी गाय २४ जुलैच्या रेतनानंतर माजावर आलीच नाही. ती गाभण असेल, तिला मुका माज असेल किंवा गर्भाशयात पू असेल. नोंदवही येथे मुकी होते व हातानेच तपासावे लागते. आणखी एक चौथी शक्यता आहे. जनावर तीस-चाळीस दिवसांनी, अनियमितपणे उलटत असेल तर गर्भ राहून नंतर गळाला असावा. गावचा वळू लावल्याने पसरणारे काही संसर्गजन्य रोग अशा तऱ्हेनेच ओळखू येतात.

ही नोंदवही म्हणजे काही मोठे दप्तर नव्हे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर माजाच्या दिवशी जनावराचे नाव लिहून बळसाचा रंग नोंदवला तरी पुरे. ज्या घरी मोठ्यांना हे जमत नाही तेथे शाळेत जाणारी मुले ते हौसेने करतात. शिक्षकांनी एकवीस-एकवीस दिवस मोजण्याचे उदाहरण गणिताच्या तासाला घेण्यास हरकत नाही.

बळस पाहताना तो तळहातावर अथवा स्वच्छ काचेवर घेऊन उजेडात धरावा. स्वच्छ, तार सुटणारा बळस चांगला. त्यात पांढरे ठिपके वा गढूळपणा असेल तर सौम्य दाह समजावा. अर्ध्याहून अधिक पू अथवा दुर्गंधी असेल तर दाह तीव्र आहे. माजानंतर एक-दोन दिवसांनी थोडे रक्त दिसते, ते गाईत स्वाभाविक असून त्याचा दाहाशी संबंध नाही. छुप्या दाहासाठी दवाखान्यात एक साधी चाचणी करतात. बळसात सोडियम हायड्रॉक्साइडचे सौम्य द्रावण समप्रमाणात मिसळून तापवितात. द्रावण पिवळे झाले तर त्यात पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत असा अर्थ होतो, आणि पिवळेपणा जितका गडद तितका दाह अधिक. तीव्र क्षारद्रव्य हाताळावयाचे असल्याने ही चाचणी घरी करू नये.

उपचाराची दिशा

इस्ट्रोजेनच्या काळात, म्हणजे माजात, गर्भाशयाची प्रतिकारशक्ती वाढते, गर्भाशयमुख उघडते, बळस वाहून घाण बाहेर जाते. प्रोजेस्टेरॉनच्या काळात याच्या नेमके उलट होते. म्हणून माज येणे हाच पुष्कळदा सर्वांत स्वस्त उपचार ठरतो. पीतपिंड असेल तर प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देऊन पशुवैद्य तो विरघळवितात व तीन-चार दिवसांत माज घडवून आणतात. गर्भाशयात पू साठलेला असेल तर या एका इंजेक्शनानंतर तो कोंडलेला साठा बाहेर पडू लागतो. गर्भाशय स्वतः जो निरोप देऊ शकत नव्हते, तो आपण बाहेरून दिला, इतकाच याचा अर्थ. पीतपिंडच नसेल तर हे इंजेक्शन व्यर्थ जाते, आणि जनावर गाभण असेल तर गर्भपात होतो. यास्तव आधी तपासणी आणि मगच इंजेक्शन, हा क्रम कधीही बदलू नये. गर्भवती स्त्रिया व दम्याचे रुग्ण यांनी हे औषध हाताळू नये, कारण ते त्वचेतूनही शरीरात शिरते.

प्रतिजैविके गर्भाशयात सोडावयाची की इंजेक्शनाने द्यावयाची, कोणती व किती दिवस, हे पशुवैद्यच ठरवतील. दुकानातून परस्पर आणून अर्धवट दिलेल्या प्रतिजैविकांनी जंतू निर्ढावतात आणि पुढच्या खेपेस औषध लागू पडत नाही. उपचार चालू असताना व त्यानंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंतचे दूध संस्थेत घालू नये, घरातील मुलांनाही देऊ नये. दाह आढळलेल्या माजात रेतनाची घाई न करता एक माज सोडून द्यावा. हे २१ दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, पण रोगट गर्भाशयात केलेली तीन रेतने त्याहून महाग पडतात.

वार अडकल्यास

गर्भाशयदाहाचे सर्वांत मोठे पूर्वकारण म्हणजे अडकलेली वार. व्याल्यानंतर वार सामान्यतः आठ-बारा तासांत पडते. बारा तासांनंतरही ती लोंबत राहिली तर दवाखान्यात कळवावे. जुळी वासरे, अडलेले बाळंतपण, गर्भपात, कॅल्शियमची उणीव, जीवनसत्त्व ई व सेलेनियमची कमतरता ही तिची प्रमुख कारणे होत. लोंबत्या वारेला दगड बांधण्याची किंवा ती हाताने ओढून काढण्याची जुनी रीत अनेक ठिकाणी अजून चालते. ती निखालस सोडून द्यावी. ओढल्याने ते बटणासारखे उंचवटे फाटतात, वारेचे तुकडे आत राहतात आणि गर्भाशयच बाहेर येण्याची भीती असते. पूर्वी पशुवैद्यही हात घालून वार सोडवीत असत. ताप नसलेल्या जनावरात असे करण्यापासून फायद्यापेक्षा तोटाच अधिक, असे आज मानले जाते. वेळूचा पाला खाऊ घालण्याने अपाय होत नसला तरी त्याच्या भरवशावर दोन दिवस घालवू नयेत. लोंबणारा भाग शेणामातीत लोळत असेल तर तो कातरून आखूड करावा, जनावराचा ताप दिवसातून दोनदा पाहावा आणि बसण्याची जागा कोरडी ठेवावी. कोकणपट्टीतील पावसाळ्यात हे शेवटचे काम सर्वांत कठीण जाते हे खरे. परंतु व्यायला झालेल्या जनावरासाठी गोठ्याचा एक कोपरा उंच करून त्यावर सुका पेंढा घालणे बहुतेकांना शक्य असते. गाभण काळाच्या शेवटच्या दोन महिन्यांत दूध आटवून खनिज मिश्रण व पुरेसा चारा दिल्यास वार अडकण्याचे प्रमाण घटते.

गाभण जनावराचा गर्भ सहाव्या महिन्यानंतर गळाला आणि वारही अडकली, तर ब्रुसेला रोगाची शंका घ्यावी. हा रोग माणसालाही होतो. त्यात आठवडेच्या आठवडे चढउतार होणारा ताप व सांधेदुखी राहते. गळालेला गर्भ, वार व स्राव यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये, ते कुत्र्यांना खाऊ देऊ नयेत, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. घरातील दूध उकळल्याशिवाय कोणी पिऊ नये. चार ते आठ महिने वयाच्या कालवडी व पारड्या यांना या रोगाची लस आयुष्यात एकदाच टोचावयाची असते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात तिचा समावेश आहे. लस टोचल्यानंतर कानातील बिल्ल्याचा क्रमांक व तारीख मालकाने स्वतःजवळ लिहून ठेवावी, कारण पुढे रक्ततपासणीचा निष्कर्ष काढताना पशुवैद्यास तिचा उपयोग होतो.